शस्त्रक्रियेपूर्वीचें स्तनपान



तान्ह्या मुलावर सकाळीं ९ वाजतां शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. पहांटे ५ नंतर त्यास कांहीं पाजूं नका, असें डॉक्टरांनीं बजावलेलें आहे. ७ वाजतात, मूल भुकेनें रडूं लागतें, आणि आजीबाईंचा जीव कळवळतो. ‘आईचें घोटभर दूध, त्यानें काय होणार?’ असें म्हणून त्या मूल आईच्या पदराखालीं देतात. या एका घोटाविषयींच मला आज बोलावयाचें आहे.

जागेपणीं घशाशीं कांहीं आलें म्हणजे ठसका लागतो. तो ठसका श्वासनलिकेचा पहारेकरी होय. भूल दिल्यावर हा पहारेकरी झोपीं जातो. अशा वेळीं पोटांतील दूध वर आलें तर तें फुप्फुसांत उतरण्याचें भय असतें. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनीं १९४६ सालीं ४४,०१६ बाळंतपणांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत भूल दिलेल्या ६६ स्त्रियांच्या बाबतींत असा प्रकार घडलेला आढळला.

परंतु उपास लांबविणें हेंही हिताचें नव्हे. तान्ह्या मुलाच्या अंगांत साखरेचा सांठा थोडा. फार वेळ उपाशी ठेविल्यास तें मलूल होतें. म्हणून सामान्यतः गाईचें किंवा डब्याचें दूध ६ तास आधीं, आईचें दूध ४ तास आधीं, आणि पाणी पिणाऱ्या वयाच्या मुलास पाणी २ तास आधीं बंद करितात. आईचें दूध पोटांतून लवकर उतरतें म्हणून त्यास ही सवलत. पण तें पाणी नव्हे. २०२२ सालच्या युरोपीय नियमांत आईच्या दुधास ३ तासही पुरेसे मानले आहेत. तेव्हां ‘शेवटचें दूध किती वाजतां पाजूं?’ असें आपल्या डॉक्टरांस आधींच विचारावें, आणि त्या वेळीं मूल झोपलेलें असलें तरी उठवून पाजावें.

त्यानंतर मूल वडिलांनीं किंवा आत्याबाईंनीं खांद्यावर घ्यावें. आईच्या कुशींत दुधाच्या वासानें तें अधिकच रडतें. आईनें तुंबलेलें दूध पिळून काढावें.

आणि चुकून पाजलेंच गेलें, तर तें लपवूं नका. सांगितल्यानें फार तर शस्त्रक्रिया कांहीं तास पुढें जाईल. न सांगितल्यानें मुलाच्या जिवावर बेतेल. मूल शुद्धीवर आलें आणि डॉक्टरांनीं होकार दिला, म्हणजे त्यास पहिलें सांत्वन आईच्याच दुधाचें मिळूं द्या.