कशाच्या सहाशे पट?



दीक्षान्त प्रसंगी वक्त्याने उदात्त उपदेश करावा असा प्रघात आहे. परंतु तुमच्यापैकी कित्येकजण आहारशास्त्राची आणि काहीजण पत्रकारितेची पदवी घेऊन उद्यापासून आरोग्यविषयक मजकूर लिहिण्याच्या, तपासण्याच्या वा छापण्याच्या उद्योगास लागणार असल्याने, आणि याच बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात त्या उद्योगाची कठोर परीक्षा होऊन गेली असल्याने, उपदेश बाजूस ठेवून त्या परीक्षेची कैफियत आपणापुढे मांडण्याची मुभा मी घेतो.

२०२४ चा डिसेंबर सरता सरता बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतील माणसांच्या डोक्यास खाज सुटू लागली, नुसता हात फिरविला तरी केसांचे पुंजके हाती येऊ लागले, आणि थोड्याच दिवसांत कित्येकांना पुरते टक्कल पडले. पुढे बाधितांची संख्या १८ गावांत मिळून २७९ वर गेल्याचे छापून आले. आरोग्य खात्याची पथके आली, पाण्याचे व त्वचेचे नमुने रवाना झाले, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे शास्त्रज्ञही गावोगाव फिरले. हे सारे रीतीप्रमाणे झाले. मात्र नमुन्यांचे निकाल हाती येण्यापूर्वीच छापखान्यांतून निकाल लागत गेले. कोणी शाम्पूवर ठपका ठेवला. कोणी, पाण्यात क्षार आणि नायट्रेट अधिक निघाल्याबरोबर, पाण्यालाच गुन्हेगार ठरविले. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा काल निर्माण झालेला नाही, त्या पाण्यावर पिढ्या वाढल्या, मग केस याच हिवाळ्यात का गळावे, हा प्रश्न विचारण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नव्हती. आणि कोणा कल्पक मथळेकाराने 'टक्कल व्हायरस' असे नाव पाडले. विषाणू कोणासही सापडलेला नव्हता; नाव मात्र गावोगाव पोचले, आणि सोयरिकी अडल्याच्या, लाजेने मुलांनी महाविद्यालयाची वाट सोडल्याच्या बातम्या त्याच वृत्तपत्रांना पुढे छापाव्या लागल्या. ज्या रोगाने कोणाचा प्राण घेतला नाही, त्या रोगाचे नाव छापताना इतका निष्काळजीपणा व्हावा, याचा मला आजही विषाद वाटतो.

अशा वेळी महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर, ज्यांचे नाव विंचूदंशावरील प्रॅझोसिनच्या उपचारामुळे वैद्यकविश्वास ठाऊक आहे आणि ज्यांचे जन्मगाव शेजारच्या जालना जिल्ह्यात आहे, ते या गावांत आले. त्यांनी रुग्ण पाहिले, रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. शिवाय एक गोष्ट केली जी त्या गदारोळात फारशी कोणास सुचलेली दिसत नाही: घरात रोज काय शिजते ते पाहिले, आणि रास्त भाव दुकानातून आलेला गहू तपासणीस धाडला. त्या गव्हात सेलेनियम, म्हणजे अति झाल्यास केस गाळणारे खनिज, किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम निघाले; तोच गहू धुऊन तपासला तेव्हा १३.६१. हा दुसरा आकडा मला पहिल्याहून मोलाचा वाटतो, कारण दाण्यास बाहेरून काही चिकटले असते तर ते पाण्याबरोबर निघून गेले असते; ज्या अर्थी आकडा जेमतेम उतरला, त्या अर्थी ते द्रव्य बहुतांशी दाण्याच्या आतच होते, पिकाने ते जमिनीतूनच घेतले असावे. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर या भागांतील काही जमिनींत सेलेनियम अधिक असल्याचे कृषिशास्त्रज्ञ पुष्कळ वर्षांपासून नोंदवीत आले आहेत, आणि शिध्याचा हा गहू तिकडूनच आला असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता.

इथवर जे झाले ते मला पटणारे आहे. आणि नेमकी इथेच तुमची परीक्षा आहे, कारण न पटणाऱ्या मजकुराची शहानिशा कोणीही करतो. 'गव्हात ६०० पट सेलेनियम' असे मथळे सर्वत्र झळकले. त्याच बातम्यांच्या पोटात सामान्य प्रमाण किलोमागे १.९ मिलिग्रॅम असल्याचे लिहिलेले होते. आता १४.५२ स १.९ ने भागून पाहा: उत्तर आठाच्याही आत येते. मग सहाशे कुठून आले? ती तुलना स्थानिक गव्हाशी होती, ज्यात सेलेनियम फारच थोडे. म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, परंतु 'कशाच्या तुलनेत' हे मथळ्यातून गळाले की वाचकाच्या पदरी नुसते भय उरते. आणखी एक पायरी चढा. प्रौढ माणसास दिवसाकाठी सुमारे ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते, आणि ४०० ही वरची सुरक्षित मर्यादा मानतात. दिवसास ३०० ग्रॅम गहू खाणाऱ्याच्या पोटात त्या धान्यातून सुमारे ४३५० मायक्रोग्रॅम जातील, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ अकरा पट. केस गळण्याचा उलगडा होण्यास एवढा आकडा पुरेसा होता, आणि तो सहाशेइतका भीषण नसला तरी अधिक उपयोगी होता. परंतु ज्या १.९ ला सर्वांनी निर्धोक म्हणून छापले, त्या हिशेबाने तोच ३०० ग्रॅम गहू ५७० मायक्रोग्रॅम देतो, अर्थात मर्यादेच्या पलीकडे! तो आकडा कोणत्या कोष्टकातून आला, कोणासाठी ठरविला गेला, याची खातरजमा करून मगच तो पानावर जाऊ द्यायला हवा होता. त्रैराशिक येणारा एक मुद्रितशोधक त्यास पुरला असता.

मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांतील हजार पटीचे अंतर लिहिताना क्षुल्लक दिसते. परंतु त्याहून लहान चूकही भोवते: अमेरिकेत २००८ साली एका द्रवरूप आहारपूरकाच्या बाटलीवर सेलेनियमची मात्रा २०० मायक्रोग्रॅम लिहिलेली होती आणि आत ४०,८०० निघाले. दोनशे एक माणसे आजारी पडली, कित्येकांचे केस गळाले, नखे विद्रूप झाली. ती माणसे प्रकृती सुधारण्यासाठी ते औषध घेत होती. म्हणून ज्या लेखात एखाद्या खनिजाची महती गायिली आहे, त्यात किती, कोणत्या एककात आणि किती दिवस हे लिहिलेले नसेल, तर तो लेख, लेखक कितीही नामांकित असो, परत पाठवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी संपादकीय पानाच्या शेजारी बसणाऱ्या जाहिरातीविषयी. १९४५ च्या औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात, जे रोग बरे करण्याचा दावा औषधाने करू नये त्यांच्या यादीत, नवे केस उगविणे हेही आहे. तरीही जे वृत्तपत्र पहिल्या पानावर बोंडगावाची व्यथा छापते, त्याच्या आतल्या पानावर केशवर्धक तेलाची हमी असू शकते. ती पाहून जाहिरात विभागास जाब विचारणे हेही संपादकाचेच काम आहे, आणि ते केल्याने नोकरी सुखाची होत नाही, हे मी तुम्हांस आजच सांगून ठेवतो.

त्या हिवाळ्यात पाणी, त्वचा, रक्त आणि धान्य यांच्या ज्या ज्या तपासण्या सरकारी प्रयोगशाळांत झाल्या, त्यांचे मूळ कागद कोणत्या ना कोणत्या दप्तरात आहेतच. तुमच्यापैकी ज्यास या प्रकरणावर लिहावयाचे असेल, त्याने जुन्या बातम्यांवरून नवी बातमी न बनविता ते कागद मागवावे. माहितीच्या अधिकाराचे शुल्क दहा रुपये असून उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. फक्त महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, तेव्हा तो लिहिताना माझ्या या भाषणाची वाक्यरचना कृपया नजरेपुढे ठेवू नये.