आजीचा चौकोन आणि फावल्या वेळेचा हिशेब

आज आपण क्रोशाच्या विणकामाबद्दल बोलणार आहोत. त्यातही एका चौकोनाबद्दल, ज्याला पुस्तकात ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात. ग्रॅनी म्हणजे आजी, म्हणून आपण त्याला आजीचा चौकोन म्हणू. तो पुस्तकात बघून कसा विणायचा हे आधी सांगते. मग त्याचे पैसे कसे मोजायचे ते बोलू. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

क्रोशा आपल्याला नवा नाही. लग्नाच्या रुखवतात लोकरीचं तोरण असतंच, ताटावरचे रुमाल असतात. घरोघरी कुणीतरी विणणारी असतेच. आजीच्या चौकोनाचं तत्त्वही आपल्या ओळखीचं आहे. आपण जुन्या लुगड्यांचे, साड्यांचे तुकडे जोडून वाकळ शिवतो. तिकडच्या बायका उरलेल्या लोकरीचे छोटे गुंडे वापरून चौकोन विणायच्या आणि ते जोडून पांघरूण करायच्या. १८८५ साली अमेरिकेत शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकात याचा नमुना छापून आला होता. म्हणजे हा चौकोनही शेतकऱ्याच्या घरातलाच.

आता विणायला घेऊ. चार पदरी लोकर आणि चार नंबरची, म्हणजे चार मिलिमीटरची, क्रोशाची सुई घ्या. चार साखळ्या घाला आणि स्लिप टाक्याने जोडून गोल करा. पहिली फेरी या गोलातच घालायची. आधी तीन साखळ्या, हा झाला पहिला खांब. त्याच गोलात आणखी दोन खांब. तीन खांबांची एक जुडी झाली, मेथीची जुडी म्हणतो तशी. मग दोन साखळ्या, हा झाला कोपरा. पुन्हा तीन खांब, दोन साखळ्या. अशा चार जुड्या आणि चार कोपरे झाले की सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीला स्लिप टाक्याने जोडा.

दुसऱ्या फेरीला रंग बदलायचा असेल तर नवा धागा कोपऱ्याच्या भोकात जोडा. प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब. एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये एक साखळी. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यात तसंच, आणि बाजूला जे भोक दिसतं त्यात एक जुडी. चौथ्या फेरीला बाजूला दोन भोकं असतात, तिथे दोन जुड्या.

मोजणी लक्षात ठेवायला सोपी आहे. पहिल्या फेरीत ४ जुड्या, दुसरीत ८, तिसरीत १२, चौथीत १६. दर फेरीला चारच वाढतात. फेरी संपली की जुड्या मोजा. आकडा जुळला नाही तर तिथेच उसवा, पुढे जाऊ नका. चौकोन वाटीसारखा वर उचलला जात असेल तर कोपऱ्यातल्या साखळ्या घट्ट आहेत किंवा कमी पडल्या आहेत. कडेला झालर पडत असेल तर कुठेतरी जुडी जास्त झाली आहे.

पुस्तक बघून विणताना एक अडचण हमखास येते. इंग्रजी पुस्तकं दोन तऱ्हेची असतात, ब्रिटिश आणि अमेरिकन, आणि दोघांची नावं सारखी असली तरी टाके वेगळे असतात. आपण ज्याला खांब म्हणतो त्याला ब्रिटिश पुस्तकात ट्रेबल म्हणतात आणि अमेरिकन पुस्तकात डबल क्रोशे. ब्रिटिश पुस्तकातलं डबल क्रोशे म्हणजे मात्र आपला मुका खांब. एकीने एका पुस्तकात बघून विणलं आणि दुसरीने दुसऱ्या, तर एकीचा चौकोन मोठा येणार आणि दुसरीचा बारका, घट्ट.

मग पुस्तक कुठलं ते ओळखायचं कसं? पानं चाळून बघा. सिंगल क्रोशे असा शब्द कुठे दिसला, किंवा थोडक्यात एससी लिहिलेलं असलं, तर पुस्तक अमेरिकन. ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे हे नावच नसतं. इंग्रजी वाचता येत नसेल तरी बिघडत नाही. बऱ्याच पुस्तकांत खुणांचं चित्र असतं. लांबट गोल म्हणजे साखळी. ठिपका म्हणजे स्लिप टाका. फुली किंवा अधिकची खूण म्हणजे मुका खांब. आणि उभ्या रेघेच्या डोक्यावर आडवी रेघ, मध्ये एक तिरकी काट, म्हणजे खांब. चित्र मधून बाहेर वाचत जायचं, जसा चौकोन वाढतो तसं. रांगोळीचे ठिपके वाचता येणाऱ्या बाईला हे अवघड नाही.

आता हा चौकोन बचत गटासाठी चांगला का? कारण तो छोटा आहे. पिशवीत मावतो. एसटीत बसून, दवाखान्याच्या रांगेत, पावसाळ्यात ओसरीवर बसून होतो. आणि काम वाटून घेता येतं. दहा जणींनी आपापल्या घरी विणायचं आणि एका दिवशी एकत्र बसून जोडायचं. चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये हजारावर बायकांनी असंच ठरल्या मापाचे तुकडे विणून, एकत्र जोडून तोवरचं जगातलं सगळ्यात मोठं क्रोशाचं पांघरूण केलं. गिनेस बुकात त्याची नोंद ११,१४८.५ चौरस मीटर अशी आहे. आपल्या हिशेबाने पावणेतीन एकर!

पण काम वाटायचं तर माप एक पाहिजे. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कुणी धागा ओढून धरते, कुणी सैल सोडते. म्हणून पुठ्ठ्याचा पाच इंची चौकोन कापून प्रत्येकीला द्या. चार फेऱ्यांचा चौकोन त्यावर ठेवून बघायचा. लहान आला तर सुई अर्ध्या नंबरने मोठी घ्या, मोठा आला तर लहान. धाग्याचं टोक कापताना चार बोटं लांब ठेवा आणि जाड सुईने मागच्या बाजूला उलटसुलट ओवून टाका. टोक नीट दडवलं नाही तर दोन धुण्यांत चौकोन उसवतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. दुकानातली स्वस्त लोकर बहुतेक ॲक्रिलिकची असते. ती लवकर वाळते, आपल्या आजऱ्याच्या पावसात ते सोयीचं आहे. पण तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नका, विणकाम चपटं आणि लुळं पडतं. बाळासाठी करायचं तर सुती दोरा घ्या आणि विण घट्ट ठेवा, बाळाची बोटं भोकात अडकता कामा नयेत.

आता हिशेब. त्याआधी दुसऱ्या एका गावाची गोष्ट सांगते.

आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी पार आंध्र प्रदेशात जाऊन समुद्राला मिळते. तिथे नरसापूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. ती लेस परदेशात जाऊ लागली. नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या आजरा घनसाळ तांदळाला २०१६ साली मिळालं, तेच.

त्या लेसवर व्यापारी मोठे झाले. विणणाऱ्या बायकांचं काय झालं? मारिया मीस नावाच्या जर्मन विदुषी तिथे राहिल्या, बायकांशी बोलल्या आणि १९८२ साली त्यांनी 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक लिहिलं. त्यांना असं दिसलं की बायका घरातलं सगळं आवरून दिवसाचे कित्येक तास विणत होत्या. नगावर पैसे मिळत आणि ते शेतमजूर बाईच्या किमान मजुरीपेक्षाही कमी पडत. एकीने नुसते तुकडे विणायचे, दुसरीने जोडायचे. पुरा नग कुठे जातो आणि कितीला विकला जातो, ते विणणारीला ठाऊक नसे. हे चाललं कसं? कारण सगळे म्हणायचे, या काही कामगार नाहीत, या घरात बसणाऱ्या बायका, फावल्या वेळात विणतात. बायकांनाही तसंच वाटायचं. शेतात जाणारी बाई स्वतःला मजूर म्हणायची, म्हणून मजुरी मागायची. घरात बसून विणणारीला आपण काम करतो असंच वाटत नव्हतं, मग ती मागणार काय?

मैत्रिणींनो, हे ऐकून आपल्याकडे बघा. आपल्या तालुक्यात काजूचे कारखाने आहेत. तिथे काजू सोलायला जाणाऱ्या बाईला किलोला किती मिळतात ते तोंडपाठ असतं. भांगलणीला जाणारीला रोज किती ते माहीत असतं. पण तीच बाई रात्री तोरण विणते आणि कुणी विचारलं किती झाले, तर म्हणते, "द्या काय द्यायचं ते, बसल्या बसल्या केलंय." हे "बसल्या बसल्या" आपल्याला महागात पडतं.

चौकोनाचा इथेच उपयोग होतो. तोरणाला किती वेळ लागला हे सांगता येत नाही, कारण आज थोडं, उद्या थोडं असं ते होतं. पण एक चौकोन एका बैठकीत होतो. घड्याळ लावा, दहा चौकोनांना लागलेली मिनिटं लिहा आणि दहाने भागा. लोकरीचंही तसंच. विणायच्या आधी गुंडा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा, दहा चौकोन झाल्यावर पुन्हा ठेवा. किती ग्रॅम गेली ते कळेल.

आता एक उदाहरण करू. आकडे तुम्ही आपापले घाला. समजा बाळाचं अडीच फुटी पांघरूण करायचं. पाच इंची सहा चौकोन आडवे, सहा उभे, एकूण ३६. एकाला २० मिनिटं धरली तर ७२० मिनिटं, म्हणजे १२ तास. जोडणं, टोकं दडवणं, कडेची वीण यांचे चार तास. एकूण १६ तास, आठ तासांचे दोन दिवस. केंद्राच्या रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. दोन दिवसांचे ६२४. लोकर समजा ३०० रुपयांची. बाजाराला जायचं भाडं, पिशवी असे ४०. बेरीज झाली ९६४ रुपये. यात नफा एक रुपयाही नाही, नुसती मजुरी आणि खर्च आहे.

आता कुणी म्हणालं, "ताई, पाचशेला द्या." पाचशेतून लोकर आणि भाडं मिळून ३४० वजा करा. हातात राहिले १६०. ते १६ तासांवर वाटा. तासाला दहा रुपये! पाचशेची नोट हातात आली की बरं वाटतं, पण हिशेब असा आहे.

तुम्ही म्हणाल, मग ९६४ रुपये देणार कोण? खरं आहे, बाजारात मशीनचं ब्लँकेट त्याहून स्वस्त मिळतं, सगळी गिऱ्हाइकं नाही देणार. त्यावर तीन गोष्टी सांगते. एक, खरं क्रोशाचं काम हातानेच होतं, मशीनवर निघतं ते नुसतं त्याच्यासारखं दिसणारं. हे जाणणारं गिऱ्हाईक शहरात आहे, मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत आहे. तिथे माल न्यायचा तर गटाने मिळून न्यावा. दोन, मोठं पांघरूण विकायला अवघड, पण दोन चौकोनांची पर्स, चारांची उशीची खोळ, सहा-सात चौकोनांचं तोरण या वस्तूंत तास कमी लागतात आणि किंमत गिऱ्हाइकाला परवडते. त्यांचाही हिशेब असाच करा. तीन, ज्या वस्तूत मजुरी सुटतच नाही, ती विकण्यासाठी करू नका. नातवाच्या बारशाला पांघरूण विणून द्या, फुकट द्या, प्रेमाने द्या. ते आपलं देणं आहे. स्वस्तात विकणं वेगळं. त्यात आपलं देणं तिऱ्हाइताच्या पदरात पडतं आणि शेजारणीचाही भाव पडतो.

म्हणून गटाने भाव ठरवताना एक किमान दर ठरवावा आणि त्याखाली कुणी जाऊ नये. चौकोन विणणारीला किती, जोडणारीला किती, विकायला जाणारीला दिवसाचे किती, हे तिन्ही दर गटाच्या वहीत लिहावेत. आणि पुरा नग कितीला विकला गेला तेही त्याच वहीत, सगळ्यांना दिसेल असं. नरसापूरच्या बायकांना जे कळत नव्हतं, ते आपल्या वहीत पहिल्या पानावर असावं.

येत्या बैठकीला एवढंच करा. प्रत्येकीने घरून चार फेऱ्यांचा एक चौकोन विणून आणा आणि मागे चिठ्ठी टाचा, त्यावर किती मिनिटं लागली ते लिहा. चौकोन पुठ्ठ्यावर लावून बघा, मिनिटांची सरासरी काढा. मग भावाचं बोलणं सुरू करा.