रस्त्याकडेचं चित्र आणि मैत्रिणींची नजर

आज आपण एका चित्राबद्दल बोलणार आहोत. चित्र आहे एका रस्त्याचं. कडेला कुंपण, गवत, पिवळ्या फुलांची झुडपं, पावसाच्या पाण्याची डबकी, पुढे डोंगर, पाणी आणि वर इंद्रधनुष्य. असा रस्ता आपण रोज तुडवतो, त्यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. नवल हे, की या चित्राला ना कुंचला लागला ना कॅमेरा. ते सगळं संगणकावर तयार झालं, आणि तेही १९८३ साली.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, समुद्राकाठी पॉइंट रेज नावाची जागा आहे. तिथे जाणारा रस्ता डोळ्यासमोर ठेवून हे चित्र केलं. त्याचं नाव ‘रोड टू पॉइंट रेज’. ‘स्टार वॉर्स’ सिनेमा काढणाऱ्या जॉर्ज लुकास यांच्या कंपनीत संगणकावर चित्रं करणारा एक विभाग होता. पुढे १९८६ साली तोच विभाग वेगळा होऊन ‘पिक्सार’ झाला. ‘टॉय स्टोरी’ हा सिनेमा त्यांचाच.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट. हे चित्र एकट्याचं नाही, सहा जणांचं आहे. डोंगर आणि खडक एकाने केले. रस्ता, कुंपण, इंद्रधनुष्य आणि सावल्या दुसऱ्याने. गवत तिसऱ्याने. फुलांची झुडपं चौथ्याने. डबक्यातल्या पाण्यावरचे तरंग पाचव्याने. आणि हे वेगवेगळे तुकडे एकावर एक बेमालूम बसवण्याची सोय सहाव्याने केली. गोधडी शिवताना जसं होतं तसंच. ठिगळं कुणीही आणोत, शेवटी गोधडी एक दिसली पाहिजे.

आणि इथेच खरी मेहनत असते. ज्याने गवत केलं त्याला आपलं गवत सुंदरच दिसणार. पण ते गवत शेजारच्या कुंपणाला शोभतं का, उंची जुळते का, हे कळायला दुसऱ्याची नजर लागते. खूप वेळ एकाच चित्राकडे पाहिलं की आपल्या डोळ्याला सवय होते. भाजी करता करता चव घेत राहिलं की शेवटी मीठ कळेनासं होतं, मग आपण जावेला म्हणतो, “जरा चाखून बघ गं.” अगदी तसंच.

संगणकावर निसर्ग काढणारे लोक एकमेकांची कामं बघताना काय काय बघतात, ते सांगतो. तुम्हाला त्यातलं सगळं आधीच ठाऊक आहे, फक्त तुम्ही ते चित्राला लावून पाहिलेलं नाही.

पहिलं बघतात ऊन. सूर्य एकच, तेव्हा झाडाची सावली एकीकडे आणि खांबाची दुसरीकडे, असं चालत नाही. इंद्रधनुष्य तर नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला उमटतं. संध्याकाळी ते पूर्वेला दिसतं. चित्रात सूर्य आणि इंद्रधनुष्य शेजारी शेजारी असले, तर शेतात राबणारी बाई लगेच म्हणेल, “असं कधी होतं का?”

दुसरं, झाडं. संगणकावर एक झाड केलं की त्याच्या शंभर नकला क्षणात होतात. मग सगळी झाडं एका साच्यातली दिसतात. खऱ्या रस्त्यावर एका बाभळीची फांदी शेळ्यांसाठी तोडलेली असते, एक वाऱ्याच्या दिशेला झुकलेली असते, एकीखाली थांबून थांबून माती घट्ट झालेली असते.

तिसरं, रस्त्याची कड. नवख्या चित्रात डांबर सुरीने कापल्यासारखं संपतं आणि लगेच हिरवळ सुरू होते. खऱ्या रस्त्याची कड तुटलेली असते. तिथे खडी असते, धूळ असते, गाडीच्या चाकोऱ्या असतात. रस्त्यालगतच्या पानांवर धुळीचा थर असतो.

चौथं, लांबचं आणि जवळचं. लांबचा डोंगर निळसर, फिकट दिसतो, कारण मध्ये हवा असते, धूळ असते. चित्रात दूरचा डोंगर जवळच्या दगडाइतका ठळक असला, तर तो अंगणात आणून ठेवल्यासारखा वाटतो.

आणि पाचवं, वस्तू जमिनीवर टेकली आहे का. दगडाखाली थोडा अंधार, थोडी माती चढलेली नसेल, तर तो तरंगल्यासारखा दिसतो.

मैत्रिणींनो, यातल्या एका तरी गोष्टीला संगणक यावा लागतो का? नाही. रस्ता माहीत असावा लागतो. म्हणून ही गोष्ट आज सांगतोय. आज ‘ब्लेंडर’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते मूळ नेदरलँड्स देशातलं. २००२ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. त्यावर केलेल्या ‘फ्लो’ या सिनेमाला २०२५ साली ऑस्कर मिळालं. खेड्यातल्या मुलीसुद्धा हे शिकू शकतात. मुलगी रात्री बसून असं काही चित्र करते, सकाळी आईला दाखवते. आई म्हणते, “छान आहे हो, पण मला काय कळतंय त्यातलं?” आपण असं म्हटलं, की तिचं दोन प्रकारे नुकसान होतं. चित्र आहे तिथेच राहतं, आणि घरात आपल्या कामाकडे कुणी नीट बघत नाही, असंही तिला वाटतं. त्यापेक्षा पाच मिनिटं शेजारी बसा आणि म्हणा, “या झाडाची सावली उलटी पडली का गं?” तिला ते लाख मोलाचं आहे.

सांगायचं कसं, त्याचीही एक रीत आहे. पिक्सारचे एक संस्थापक एड कॅटमुल यांनी आपल्या पुस्तकात त्यांच्याकडची पद्धत लिहिली आहे. तिथे चित्रं करणारे रोज आपलं अर्धवट काम सगळ्यांसमोर मांडतात. पूर्ण झाल्यावर दाखवलं तर बदल करणं जिवावर येतं, अर्धवट असताना हात मोकळा असतो. आणि सिनेमा करणाऱ्याला सूचना देण्यासाठी जी मंडळी बसतात, त्यांना हुकूम करायचा अधिकार नसतो. त्यांनी काय खटकलं ते स्पष्ट सांगायचं, दुरुस्ती कशी करायची ते करणाऱ्याने ठरवायचं.

ही रीत आपल्या गटालाही लागू पडते. नव्या मसाल्याच्या पाकिटाचं चित्र असो, पिशवीवरचं भरतकाम असो. “बरं नाही दिसत” एवढं म्हणून थांबू नका, नेमकं बोट ठेवा. “ते झाड काढून टाक” असं सांगण्यापेक्षा “झाडामुळे मागचं घर दिसत नाही” असं सांगा. बोलायचं ते कामाबद्दल, बाईबद्दल नाही. आणि जिचं काम आहे तिने सगळं ऐकून घ्यावं, पण शेवटचा शब्द तिचाच.

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. गावात नवा रस्ता, बसथांबा, सुशोभीकरण असं काही यायचं असलं, की हल्ली त्याचं संगणकावर केलेलं चित्र दाखवतात. गुळगुळीत रस्ता, सारखी झाडं, निळं आभाळ. बघून आपण हरखतो. पण ते चित्रच असतं, आणि चित्राला प्रश्न विचारता येतात. दुपारी एसटीची वाट बघणारी बाई उभी कुठे राहील? सावली थांब्यावर पडते की रस्त्यावर? पावसाचं पाणी कुठून निघून जाईल? डोक्यावर भारा घेऊन चालणारीला कडेला जागा आहे का? जुना वड चित्रात का दिसत नाही? आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. चित्र तिथे मागवा, मधोमध ठेवा आणि सगळ्यांनी मिळून बघा. रस्ता कागदावर असताना बदलणं सोपं असतं. डांबर पडल्यावर कुणी ऐकत नाही.

पुढच्या बैठकीला एवढं करून पाहा. गटातल्या कुणाच्याही मुलीने केलेलं चित्र किंवा एखादीने केलेली वस्तू मध्ये ठेवा. प्रत्येकीने एक गोष्ट आवडलेली आणि एक खटकलेली सांगा. काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा.