आलं तेच लिहा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला एक आकडा असतो. तो फळ्यावर लिहिलेला नसतो, पण बॅच सुरू होऊन वीस मिनिटं झाली की प्रत्येक टेबलावर पोचलेला असतो. ‘किती आलं रे?’ ‘दहा.’ ‘पॉइंट शून्य?’ ‘हो, लिही.’ मी सत्तावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं आणि ही कुजबुज दर आठवड्याला ऐकली. आज त्या आकड्याविषयीच बोलणार आहे.

ज्यांनी हा प्रयोग केलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ब्युरेट म्हणजे काचेची उभी, अरुंद नळी. तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा, खाली तोटी. तिच्यात पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं द्रावण भरायचं. पूर्वी पटकीच्या साथीत विहिरीत टाकत, तेच हे. खाली कोनिकल फ्लास्कमध्ये मोहर सॉल्टचं, म्हणजे लोहाच्या एका फिकट हिरव्या क्षाराचं, 10 मिलिलिटर द्रावण आणि थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल. तोटी हलकेच फिरवली की जांभळा थेंब पडतो आणि फ्लास्क हलवताच दिसेनासा होतो. लोह इलेक्ट्रॉन देतं, परमँगनेट ते घेतं आणि रंग गमावून बसतं. परमँगनेटचा एक आयन लोहाच्या पाच आयनांना पुरतो. सगळं लोह संपलं की पुढच्या थेंबाला इलेक्ट्रॉन द्यायला कुणी उरत नाही आणि फिकट गुलाबी रंग टिकून राहतो. तिथे थांबायचं. मैत्रिणीशी बोलताना हात सैल सुटला तर फ्लास्कमध्ये एकदम राणी कलर येतो. मग सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून.

वाचण्यातही गंमत आहे. इतर द्रावणांच्या वेळी पातळीची खालची वक्र कड वाचतात. परमँगनेट इतकं गडद की ती दिसतच नाही, म्हणून वरची कड वाचायची. मुलं सुरुवातीला वरची वाचतात, शेवटी खालची, आणि मग उत्तर का चुकलं म्हणून विचारत येतात.

आता तो आकडा. लिटरला 39.2 ग्रॅम मोहर सॉल्ट घेतलं की त्यात एक दशांश मोल लोह येतं. परमँगनेट 0.02 मोलर असेल तर एकास पाच या हिशेबानं उत्तर 10.0 मिलिलिटर. हे गणित घरी बसून पेन्सिलीनं करता येतं. म्हणजे तोटीला हात लावायच्या आधीच उत्तर तयार. तीन वेळा टायट्रेशन करून स्थिर रीडिंग काढायचं असतं. मुलं एकदा करतात, कधी तेही नाही, आणि तक्त्यात 10.0, 10.1, 10.0 असं भरतात. तो 10.1 खरेपणाचा भास व्हावा म्हणून!

1998 ची गोष्ट आहे. दिवाळीच्या सुटीनंतरचा पहिला आठवडा. जर्नलं तपासत होतो. सगळी बॅच दहावर. एका मुलीनं मात्र 9.2, 9.2, 9.2 लिहिलं होतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलावर एकटी असायची. वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तो आकडा तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता की पोचूनही तिनं घेतला नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. मी लाल पेननं काट मारली आणि म्हणालो, ‘‘अगं, बघता येत नाही का नीट? दहा यायला हवं.’’ ती म्हणाली, ‘‘सर, तीन वेळा केलं.’’ मी ‘‘मग चौथ्यांदा कर’’ म्हणून पुढचं जर्नल उघडलं.

संध्याकाळी लॅब बंद करताना बाटलीकडे लक्ष गेलं. द्रावण पिवळसर दिसत होतं. आमच्या मामांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘सर, तुम्हीच म्हणालात ना, सुटीआधीचं उरलंय ते आधी संपवा.’’ म्हणालो होतो. अर्धी बाटली, बूच सैल, तीन आठवडे. हवेतल्या ऑक्सिजननं लोहाचं ऑक्सिडीकरण करून ठेवलं होतं. जे आधीच इलेक्ट्रॉन देऊन बसलं त्याला परमँगनेट कशाला लागेल? मी स्वतः ब्युरेट भरली. 9.2 आलं. पुन्हा केलं. 9.2.

चाळीस मुलांनी न झालेली गोष्ट लिहिली आणि मी तिच्यावर बरोबरची खूण केली. जिनं झालेली गोष्ट लिहिली तिला काट. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सांगितलं, तिच्या जर्नलमधली काट खोडून सही केली. तिचं तोंड काही फार फुललं नाही. माझंच जरा उतरलं होतं.

याच विज्ञानात असं अडून बसण्यानं काय झालं ते बारावीच्या पुस्तकात अठराव्या गणात दडलेलं आहे. लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून वेगळा काढलेला नायट्रोजन लिटरला 1.257 ग्रॅम, आणि अमोनियासारख्या संयुगांपासून केलेला 1.251. फरक हजारात पाचाचा. आमच्या बॅचनं तो दोन मिनिटांत मिटवला असता. रॅले यांनी 1892 मध्ये ‘नेचर’ला पत्र लिहून सरळ विचारलं, कुणाला कारण सुचतं का? पुढे विल्यम रॅमसे त्यांच्या जोडीला आले आणि 1894 मध्ये दोघांनी अरगॉन जाहीर केला. हवेत जवळपास एक टक्का असलेला वायू! आणि त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, 1785 मध्ये, कॅव्हेंडिश यांनी सगळा नायट्रोजन काढून टाकल्यावर एक बारीकसा बुडबुडा उरतो असं नोंदवून ठेवलं होतं. कशाचा ते त्यांना कळलं नाही. तरी लिहिलं.

आज परिस्थिती आणखी बिकट आहे. सीईटीला रसायनशास्त्राचे 50 प्रश्न, नीटला 45. त्यांत तोटी कुठेच नाही. कॉलेजात नाव आणि दिवसभर क्लासमध्ये, ही पद्धत इतकी बोकाळली की 2018 मध्ये राज्य सरकारनं काही विभागांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. अंगठा उमटतो, पण अंगठ्यानं पिपेट धरता येते का, ते यंत्राला कळत नाही. 2024 पासून नीटच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्राचा घटक आला. मला बरं वाटलं. मग शेजारच्या मुलाकडे त्याच्या नोट्स पाहिल्या : ‘परमँगनेट असेल तर वरची कड’. पाठ केलेलं होतं. ब्युरेट त्यानं पाहिली नव्हती. मुलाला मी दोष देत नाही. बोर्डाच्या शंभरातले तीस गुण प्रॅक्टिकलचे, आणि ते बहुतेकांना जवळजवळ पूर्णच मिळतात. हे देणारे आम्हीच.

त्या प्रसंगानंतर मी एक उद्योग केला. प्रत्येक टेबलावर वेगळ्या ताकदीचं द्रावण ठेवायला लागलो. बाटलीवर फक्त अ, ब, क. खरी ताकद माझ्या वहीत. पहिल्या दिवशी कुजबुज झाली, मग टेबलं एकमेकांना जुळेनात आणि लॅब शांत झाली. तोट्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. काहींची रीडिंग्ज भलतीच चुकली, काही मुली रडल्या, एकानं तीन तासांत पाच वेळा टायट्रेशन केलं आणि पाचव्यांदा जुळल्यावर मला हाताला धरून ब्युरेटपाशी नेलं. अंतर्गत गुण मात्र घसरले. पालक प्राचार्यांकडे गेले. बोर्डाच्या वर्षी हे प्रयोग नकोत, असं मला सांगण्यात आलं, आणि मी ते ऐकलं.

अकरावीच्या आम्ल-आम्लारीच्या टायट्रेशनला अ, ब, क चालू ठेवलं, निवृत्त होईपर्यंत. बारावीला सगळ्यांना एकच बाटली. फक्त तिच्यावर तारीख घालायला लागलो.