बालशुश्रूषेचें उच्च शिक्षण

शाळांच्या कारभारांत एक जुनी चाल आहे. बिगरीचा वर्ग सर्वांत नवख्या व सर्वांत कमी पगाराच्या मास्तराकडे द्यावयाचा आणि मास्तर जितका अधिक शिकलेला तितकी त्याला वरची इयत्ता. मुलांना अक्षरओळख व्हावयाची, शाळेची गोडी किंवा धास्ती लागावयाची तें वय नेमकें अशिक्षित हातीं जातें. कां, तर लहान मुलांना शिकविण्यांत विशेष तें काय! आजारी मुलांच्या शुश्रूषेविषयीं सुशिक्षित घरांतूनहि हीच समजूत आढळते. परिचारिकेची पदवी घेतलेली मुलगी पुन्हां दोन वर्षें केवळ बालशुश्रूषेचा अभ्यास करणार असें म्हणाली, कीं वडील मंडळी विचारतात, "मुलें सांभाळण्यासाठीं एम्. एस्‌सी. कशाला? आमच्या आजीनें आठ मुलें वाढविलीं, ती कोणत्या कॉलेजांत गेली होती?" तीं आठ वाढलीं खरीं, पण जन्मलीं किती होतीं, हें त्या घरांत सहसा कोणी सांगत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर मुंबई-पुण्यापेक्षां अक्कलकोटच्या बाजूला शोधलेलें बरें. सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोंकाचा हा तालुका. १९४८ पर्यंत येथें भोसल्यांचें संस्थान होतें. बाहेरच्यांना हें गांव ठाऊक आहे तें स्वामी समर्थांच्या स्थानामुळें. पण शुश्रूषेच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. तालुक्याची शीव कर्नाटकाला भिडलेली असल्यामुळें पुष्कळ घरांत चुलीपाशीं कानडी आणि कचेरींत मराठी, असा व्यवहार चालतो. मैंदर्गी किंवा दुधनीकडील एखादी तरुण आई जुलाब-वांतीनें मलूल झालेलें सात महिन्यांचें मूल घेऊन दवाखान्यांत आली आहे असें समजा. परिचारिका मराठींत विचारते, "सकाळपासून मुलाला लघवी किती वेळां झाली?" आई मान हालविते. ती मान 'झाली' म्हणते कीं 'कळलें नाहीं' म्हणते, हें कोणास उमगत नाहीं. कागदावर मात्र कांहींतरी लिहिलें जातें. मुलाच्या अंगांतील पाणी किती आटलें याची मोठी खूण त्या एका उत्तरांत असते, आणि तीच हातची गेली.

ज्या परिचारिकेनें बालशुश्रूषेचा विशेष अभ्यास केला आहे ती तेवढ्यावर थांबत नाहीं. ती मुलाचे डोळे खोल गेले आहेत का पाहते, पोटावरील कातडी चिमटींत धरून सोडते आणि ती किती सावकाश पूर्ववत् होते तें न्याहाळते, चमच्यानें पाणी पाजून मूल तें अधाशासारखें पितें कीं मान फिरवितें तें बघते. शिवाय 'कूसु' म्हणजे तान्हें मूल, 'हालु' म्हणजे दूध, 'नीरु' म्हणजे पाणी, एवढी कानडी तिनें आठ दिवसांत कमाविलेली असते. हे दोन-चार शब्द कानीं पडतांच आईची जीभ सैल होते आणि खरी हकीकत बाहेर येते.

मूल म्हणजे आकारानें लहान असलेला मोठा माणूस नव्हे, हें या शास्त्राचें पहिलें सूत्र. तीन किलो वजनाच्या नवजात बालकाच्या अंगांत सारें मिळून रक्त असतें सुमारें पाव लिटर, म्हणजे पेलाभर. त्यांतून तपासणीसाठीं पांच मिलिलिटर काढणें हें मोठ्या माणसाच्या अंगांतून शंभर मिलिलिटर काढण्यासारखें आहे. मोठा माणूस स्वस्थ असतां मिनिटाला १२ ते २० वेळां श्वास घेतो, नवजात बालक ४० ते ६० वेळां. खोकणाऱ्या मुलाचा श्वास दोन महिन्यांच्या आंत ६०, पुढें वर्षाच्या आंत ५० आणि पांच वर्षांच्या आंत ४० या आंकड्यास पोहोंचला, कीं फुप्फुसदाहाची शंका घ्यावयाची. ही मोजणी पुरें एक मिनिट करावयाची असते. तान्ह्या मुलाचा श्वास एकसारखा चालत नाहीं, मध्येंच थबकतो, मध्येंच धांवतो. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारानें गुणण्याची युक्ती येथें फसविते. मूल आईच्या मांडीवर शांत आहे तोंवर, त्याला हात लावण्यापूर्वींच, श्वास मोजून घ्यावा लागतो. एकदां रडूं लागलें कीं त्या मोजणीस अर्थ उरत नाहीं. औषधहि किलोच्या हिशेबानें. दशांशचिन्ह एक घर सरकलें कीं मात्रा दसपट होते. शाळेंत अशा चुकीला अर्धा गुण कापतात.

परंतु हा सारा शरीराचा हिशेब झाला. बालशुश्रूषेचा अधिक नाजूक भाग मनाचा आहे, आणि तो पाश्चात्यांना फार उशिरां कळला. विलायतेंत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मूल रुग्णालयांत ठेवलें कीं आईबापांना भेटीची ठराविक वेळ असे, कित्येक ठिकाणीं आठवड्यांतून एखाद-दुसरा दिवस. भेट झाली कीं मुलें रडतात, म्हणून भेटी कमी कराव्या, असा तर्क. जेम्स रॉबर्टसन नांवाच्या गृहस्थानें १९५२ सालीं एक साधा चित्रपट तयार केला. अडीच वर्षांच्या आंतील एक मुलगी लहानशा शस्त्रक्रियेसाठीं आठ दिवस रुग्णालयांत राहते, एवढीच त्यांतील गोष्ट. मुलगी फारसें रडत नाहीं. अगदीं शहाण्यासारखी वागते. पण पाहतां पाहतां ध्यानांत येतें, कीं तें शहाणपण नव्हे, ती आंतून मिटत चालली आहे. त्या चित्रपटावर तेथील डॉक्टर मंडळी आरंभीं रागावलीं. तथापि १९५९ सालीं सरकारनें नेमलेल्या प्लॅट समितीनें मुलांना आईबाप मोकळेपणानें भेटूं द्यावेत आणि लहानग्यांच्या आयांना सोबत राहूं द्यावें, असा अभिप्राय दिला.

आपल्याकडे हा प्रश्न उलट्या बाजूनें उभा आहे. आपली आई खाटेपासून हालतच नाहीं. सोलापूरच्या रुग्णालयांत अक्कलकोटहून आलेली बाई भाकरीचें गाठोडें उशाशीं घेऊन मुलाच्या खाटेखालीं निजते, आणि झाडलोट करणाऱ्यापासून सर्वजण तिला अडचण समजतात. विलायतेला समिती नेमून जें मिळवावें लागलें तें आपल्याकडे आयतें असून त्याला 'गर्दी' हें नांव आहे! बालशुश्रूषेचें उच्च शिक्षण घेतलेल्या परिचारिकेची खरी कसोटी येथें लागते. तिनें त्या आईला हुसकावयाचें नाहीं, तर कामाला लावावयाचें. हात कसे धुवावे, जलसंजीवनी घोटघोट कशी पाजावी, कमी वजनाचें मूल उराशीं कातडीला कातडी लावून कसें उबेंत ठेवावें, हें तिच्या भाषेंत दाखवून तिच्याकडून करवून घ्यावयाचें.

हें शिक्षण आपल्या प्रांतांत एकाएकीं अवतरलें नाहीं. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन उभें केलें आणि विधवांना व इतर गरजू स्त्रियांना परिचारिकेचें काम शिकण्यासाठीं पुढें आणलें, तेव्हां परक्या माणसाच्या अंगाला हात लावणाऱ्या बाईकडे समाज कोणत्या नजरेनें पाही, तें सांगावयास नको. मुंबईस केवळ मुलांसाठीं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ मध्यें निघालें. दिल्ली व वेल्लोर येथें परिचर्येचा पदवी-अभ्यास १९४६ सालीं सुरू झाला, दिल्लीस पदव्युत्तर अभ्यास १९५९ सालीं. मुंबईचें लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ चें. आज महाराष्ट्रांतील असे अभ्यासक्रम बव्हंशीं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालीं चालतात: पदवी, नोंदणी आणि निदान वर्षभराचा अनुभव असावा, मग दोन वर्षांचा अभ्यास व एक प्रबंध.

आणि येथेंच खरी गोम आहे. दोन वर्षें बालकाच्या श्वासाचा, वजनाचा, खेळाचा, भीतीचा अभ्यास करून बाहेर पडलेली ही बाई पुढें जाते कोठें? बहुधा कॉलेजांत शिकवावयास. रुग्णालयाच्या बालविभागांत तिच्या ज्ञानाला साजेशी निराळी जागा क्वचितच असते. खाटेपाशीं राहिली तर तिची पदव्युत्तर पदवी व तिच्या शेजारणीची साधी पदविका हजेरीपटावर सारखीच. म्हणून जितकें शिक्षण अधिक तितकी परिचारिका मुलापासून दूर, असा विपरीत न्याय होऊन बसला आहे. बिगरीच्या वर्गाचीच ही दुसरी आवृत्ति. शिकविणाऱ्या हव्यातच, त्यांना कोण नाहीं म्हणेल? पण ज्या विद्यार्थिनी त्यांच्यापुढें बसतात त्यांनीं हें ज्ञान खाटेपाशीं वापरलें जातांना पाहावयाचें केव्हां?

तिच्या ज्ञानाला खेड्यांत काय काम, असें कोणी म्हणेल. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें ३९ गांवांत बेताचें शिकलेल्या बायांनाच नवजात बालकांची घरच्या घरीं काळजी घेण्यास शिकविलें. त्या श्वास मोजीत, वजन करीत, ऊब देत, जंतुदोषाची लक्षणें ओळखून ठराविक औषध देत. १९९९ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत छापलेल्या निष्कर्षाप्रमाणें, तिसऱ्या वर्षीं या गांवांतील नवजात मृत्यूंचें प्रमाण तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें सुमारें ६२ टक्क्यांनीं घटलें होतें. २०११ पासून हेंच काम देशभर आशा कार्यकर्त्यांकडे सोंपविण्यांत आलें. हें वाचून 'मग पदव्युत्तर अभ्यास हवा कशाला' असें म्हणणाऱ्यानें एवढेंच ध्यानांत घ्यावें, कीं त्या बायांना कोणीतरी बारकाईनें शिकविलें, त्यांची मोजणी पुन्हां पुन्हां ताडून पाहिली आणि चुकली तेथें हात धरून सुधारली. हा हात धरणें हेंच तर आपल्या या शिकलेल्या परिचारिकेचें काम!

प्रबंधाचेंच घ्या. प्रत्येक विद्यार्थिनीला तो लिहावा लागतो आणि पुष्कळ प्रबंध कापडी बांधणींत ग्रंथालयाच्या फळीवर विसांवतात. रुग्णालयांतून मूल घरीं सोडतांना आईला ज्या सूचना देतात त्या मराठींत सांगितल्या तर किती उरतात आणि कानडींत सांगितल्या तर किती, एवढाच विषय घेऊन एखादी मुलगी चार महिने अक्कलकोट तालुक्यांत फिरली तर? तिनें आठवड्यानें त्या घरीं जावें, जलसंजीवनी किती पाण्यांत कालविली तें भांडें पाहावें, वजनाच्या तक्त्यावरील रेघ वर चालली आहे कीं खालीं तें पाहावें, आणि आईला तक्ता हातीं देऊन तिलाच तो वाचावयास सांगावें.