शर्यतीच्या छोट्या गाडीचा कायापालट

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जातांना वाटेंत चितेगाव लागतें. दूरचित्रवाणी-संचांच्या कारखान्यामुळें या गांवाचें नांव दूरवर झालें. व्हिडिओकॉन कंपनीवर २०१८ सालीं दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. परंतु तारा जोडण्याची व डाख देण्याची संवय जडलेले हात आपली विद्या विसरत नाहींत. अशाच एखाद्या घरीं एक तरुण कामाला बसला आहे, अशी कल्पना श्रोत्यांनीं करावी. त्याच्यापुढें खऱ्या गाडीच्या एकदशांश आकाराची, बिनतारी लहरींवर चालणारी शर्यतीची गाडी आहे. तिची विद्युत्-मोटर मागच्या आंसाच्याही मागें बसविलेली आहे. ती आंसाच्या पुढें आणावी व त्यासाठीं लागणारा सुट्या भागांचा संच स्वतः घडवावा, असा त्याचा बेत आहे. हातीं ॲल्युमिनियमचा पत्रा मात्र एकच आहे. तो चुकीचा कापला गेला, कीं बेत संपला.

अशा गाड्यांचा मूळपुरुष पाण्यावर चालणारा होता. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें बिनतारी लहरींच्या आज्ञेनें वळणारी एक लहान नौका लोकांसमोर चालवून दाखविली. पुढें कॅलिफोर्नियांतील टीम असोसिएटेड कंपनीनें १९८४ सालीं ‘आरसी-१०’ ही गाडी काढली. १९८५ सालीं डेल मार येथें खडबडीत मैदानावरील एकदशांश गाड्यांची पहिली जागतिक शर्यत झाली; तींत दोन चाकांच्या जोरावर धांवणाऱ्या गाड्यांमध्यें जे हॅल्सी यानें याच गाडीनें पहिला मान मिळविला. तिचीही मोटर आंसाच्या मागेंच होती, आणि तें सकारण होतें. भुसभुशीत मातींत मागच्या चाकांवर भार असला, तरच तीं जमीन धरतात. पुढें शर्यती गालिच्यावर व कृत्रिम हिरवळीवरही होऊं लागल्या. तेथें पकडीचा तुटवडा उरला नाहीं. चपळ वळणाची गरज मात्र वाढली. म्हणून मोटर पुढें आणण्याची पद्धत रूढ झाली.

या फेरफारानें काय साधतें, हें साध्या हिशेबानें कळतें. समजा, गाडीचें वजन १,५०० ग्रॅम, मोटरचें १७५ ग्रॅम, आणि दोन आंसांमधील अंतर २८ सेंटिमीटर आहे. मोटर आंसाच्या ३ सेंटिमीटर मागें होती, ती ५ सेंटिमीटर पुढें आली. म्हणजे ८ सेंटिमीटर सरकली. १७५ ला ८ नें गुणून २८ नें भागलें, कीं ५० येतात. तितके ग्रॅम भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. मागें ९३० ग्रॅम असतील, तर ८८० उरतात. दुसरा लाभ याहून मोठा आहे. एखादें वजन गुरुत्वमध्यापासून जितकें दूर, तितकें तें गाडीला वळण्यास अडवितें, आणि हा अडथळा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. अंतर निम्में झालें, तर अडथळा चौथाईवर येतो.

संचांत भाग थोडे असतात: नवा तळपत्रा, दांतेरी चक्रांच्या पेटीचे आधार आणि बॅटरीची नवी बैठक. खरी मेख चक्रपेटींत आहे. पेटी उलट तोंडानें बसविली, कीं मोटर पूर्वीसारखीच फिरूनही गाडी मागें धांवते! याला उपाय दोन. मोटर उलट फिरवावी, किंवा पेटींत आणखी एक चक्र घालावें. कार्बनचे ब्रश असलेल्या शर्यतीच्या मोटरी पुष्कळदां एकाच दिशेसाठीं जुळविलेल्या असतात. त्या उलट फिरविल्या, तर जोर घटतो व ब्रश लवकर झिजतात. ब्रशरहित मोटरीची दिशा वेगनियंत्रकांतूनच बदलतां येते.

बॅटरीची बैठकही जपून करावी लागते. दोन घटांची लिथियम बॅटरी ७.४ व्होल्टची म्हणून ओळखली जाते व पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्टपर्यंत जाते. पत्र्याची धारदार कड तिच्यांत घुसली, तर आग लागूं शकते. म्हणून प्रत्येक कड कानशीनें घासून गोल केलीच पाहिजे.

आतां मुख्य प्रश्न उरतो. गालिच्यावर जिंकणारी रचना मराठवाड्याच्या मुरुमावर व उन्हाळ्यांतील धुळीवर जिंकेल काय? याचें उत्तर पत्रा न कापतांही मिळूं शकतें. बॅटरी ३०० ग्रॅमची असेल, तर ती सुमारें पावणेपांच सेंटिमीटर पुढें बांधल्यानें तोच ५० ग्रॅमचा पालट होतो. स्वयंपाकघरांतील दोन सारख्या उंचीच्या तराजूंवर पुढचीं व मागचीं चाकें ठेवून तो तपासून घ्यावा. मग त्याच मैदानावर, त्याच टायरांनीं, दहा फेऱ्या आधीं जुन्या व दहा नव्या मांडणीनें घेऊन वेळ नोंदवावी. वळणाची सगळी चपळाई या परीक्षेंत दिसणार नाहीं. पण मागचीं चाकें जमीन सोडतात कीं धरतात, हें निश्चित दिसेल.

चाकें जागच्या जागीं फिरून धूळ उडवूं लागलीं, तर त्या तरुणानें मोटर आहे तेथेंच ठेवावी. त्यांत पराभव नाहीं, पत्रा मात्र वांचतो. चाकांनीं जमीन धरली, तर आधीं पुठ्ठ्याचा नमुना कापून सर्व भोंकें जुळवून पाहावीं, आणि मगच करवत हातीं घ्यावी.