उभ्या गाडीतील फोन आणि भंडाऱ्याचे ऊन

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यापुढील भाषणाचा मजकूर)



भंडारा जिल्ह्यातील उन्हाळा नव्याने समजावून सांगावा असा विषय नाही. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की सुरू होणारे नऊ दिवस विदर्भात ‘नवतपा’ म्हणून ओळखले जातात आणि त्या दिवसांसाठी येथील माणसाने आपली व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलेली आहे. डोक्याला दुपट्टा, दाराला वाळ्याची ताटी, ओसरीवर मातीचा माठ. बैलाला चिंचेखाली बांधायचे, बियाण्याची कणगी घराच्या थंड कोपऱ्यात ठेवायची आणि दुपारी बारा ते चार या वेळेत कामाशिवाय बाहेर पडायचे नाही. घरातील प्रत्येक वस्तूला उन्हाळ्यातील जागा नेमून दिलेली आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घराघरांत आलेल्या एका वस्तूला मात्र अशी जागा अद्याप मिळालेली नाही. ती वस्तू म्हणजे स्मार्टफोन. तो खिशात असतो, हातात असतो आणि पुष्कळदा बाहेर उभ्या केलेल्या गाडीत विसरलेला किंवा मुद्दाम ठेवलेला असतो.

फोन किती उष्णता सोसू शकतो, हे त्याचे उत्पादक स्वतःच सांगतात. ॲपल कंपनी आपल्या फोनच्या वापरासाठी शून्य ते ३५ अंश सेल्सिअस ही मर्यादा देते. बंद करून ठेवलेल्या फोनसाठी ती मर्यादा उणे २० ते ४५ अंश आहे. उभ्या गाडीत फोन ठेवू नये, अशी सूचनाही ही कंपनी देते. आता ३५ अंश हा आकडा भंडाऱ्याच्या संदर्भात पाहिला पाहिजे. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा या काळात पवनी, लाखांदूर किंवा मोहाडी येथे दुपारचे तापमान ३५ अंशांच्या खाली असणे हाच अपवाद. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. म्हणजे जी मर्यादा अन्य प्रदेशांतील ग्राहकासाठी क्वचित ओलांडली जाते, ती येथे वर्षातील अडीच महिने रोज ओलांडली जाते आणि तीही सावलीत. हवामान खात्याचे तापमान सावलीतलेच असते. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकावर ते वाचले जाते. उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याचा त्या आकड्याशी संबंध नाही.

येथे एक गोष्ट जाता जाता नमूद करण्यासारखी आहे. ३० मे २०२४ रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले आणि देशभर खळबळ उडाली. यंत्रातील संवेदक बिघडल्यामुळे हा आकडा आला, असा खुलासा हवामान खात्याला नंतर करावा लागला. ऊन मोजण्यासाठी बसविलेले यंत्रच ऐन उन्हाळ्यात चुकले. मग दुसऱ्या कामासाठी घडविलेल्या उपकरणाकडून किती अपेक्षा करावी?

फोन बिघडला तर दुसरा घेता येईल, असे कोणी म्हणेल. ज्याच्या फोनमध्ये केवळ छायाचित्रे आणि गाणी आहेत त्याच्यापुरते ते खरेही आहे. परंतु या सभेत बसलेल्यांपैकी बहुतेकांचे दप्तर आज फोनमध्ये आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतातून छायाचित्रासह होऊ लागली. उन्हाळी धान हे या जिल्ह्याचे महत्त्वाचे पीक; त्याची नोंद होते ती ऐन उन्हाळ्यातच. शिवारात संपर्कजाळे मिळाले नाही तर नोंद आधी फोनमध्येच राहते आणि गावात परतल्यावर पुढे जाते. मधल्या काळात फोन बंद पडला, तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही आणि धान विकण्याच्या वेळी शेतकऱ्याला हेलपाटे पडतात. अंगणवाडी सेविका २०२१ पासून बालकांची वजने आणि गरोदर मातांच्या नोंदी फोनवरूनच पाठवीत आल्या आहेत. रोजगार हमीच्या कामांवरील मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा छायाचित्रासह फोनवर घेणे बंधनकारक करण्यात आले. ज्या मजुराची हजेरी उमटली नाही, त्याची मजुरी अडकते. उपकरण एकाचे असते आणि त्यावर अवलंबून असलेली माणसे अनेक असतात.

आता गाडीकडे वळू. काचेतून सूर्यप्रकाश सहज आत येतो. आसने, डॅशबोर्ड व सुकाणूचक्र तो शोषून घेतात, तापतात आणि उष्णता बाहेर टाकू लागतात. ही उष्णता ज्या दीर्घ लहरींच्या रूपाने निघते, त्या लहरींना काच पलीकडे जाऊ देत नाही. शिवाय आतील हवा कोंडलेली असल्यामुळे तापलेली हवा निघून जाऊन तिच्या जागी थंड हवा येण्याचा मार्गही बंद असतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश असताना बंद गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे आढळले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काचा बोटभर खाली ठेवण्याचा उपाय सर्वत्र केला जातो. त्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही, असेही त्याच अभ्यासात दिसून आले.

ॲरिझोना हा भंडाऱ्यासारखाच रखरखीत उन्हाळ्याचा प्रांत. तेथे २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक बोलका आहे. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हवा सरासरी ४७ अंशांवर, आसन ५१ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर पोहोचला. सावलीतील गाड्यांत हवा ३८ अंश आणि डॅशबोर्ड ४८ अंश होता. म्हणजे एकाच गाडीत फोन कोठे ठेवला यावर वीस-बावीस अंशांचा फरक पडतो. नकाशा पाहण्यासाठी डॅशबोर्डवर अडकविलेला फोन तसाच ठेवून उतरणे ही सर्वांत घातक सवय होय. याच संशोधकांनी गणिताने असेही दाखविले, की उन्हातील गाडीत दोन वर्षांच्या बालकाचे शरीर सुमारे तासाभरात ४० अंशांपर्यंत तापू शकते आणि सावलीतील गाडीतही त्यासाठी दोन तास पुरे होतात. फोनची चर्चा करताना हे सांगणे विषयांतर नव्हे. ज्या गाडीत फोन ठेवू नये, त्या गाडीत मूल क्षणभरही ठेवता येत नाही.

सावलीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण या बाबतीत अनुभवी माणसेही फसतात. भंडारा साधारण २१ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी नाहीशी होते. हेच नवतप्याचे दिवस. या दिवसांत भिंतीलगत गाडी उभी केल्याने भर दुपारी सावली मिळत नाही. झाडाची सावलीही खोडाभोवतीच असते आणि पुढे पूर्वेकडे सरकत जाते. सकाळी दहाला ज्या कडुनिंबाच्या पश्चिमेला गाडी लावली, त्याच गाडीवर दोन वाजता ऊन आलेले असते. दुपारी थांबायचे असेल तर झाडाच्या पूर्वेची बाजू धरावी.

फोनमध्ये या उष्णतेने नेमके काय होते? काच किंवा धातू ६० अंशांना वितळत नाही. इजा होते ती बॅटरीला. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या जनकांना, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीच्या आत ऋणाग्रावर एक अतिशय पातळ रक्षक थर असतो. उष्णतेने आतील रासायनिक क्रिया जलद होतात, तो थर जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचे अडकून पडते. अडकलेले लिथियम पुन्हा वीज साठवीत नाही. बॅटरी-अभियंते सर्वसाधारणपणे जे अंदाज देतात त्यानुसार, पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंशांत वर्षभर पडून राहिली तर तिची क्षमता ६५ टक्क्यांवर येते. ६० अंशांत ती तीन महिन्यांतच ६० टक्क्यांवर उतरते. तीच बॅटरी ४० टक्केच भरून ठेवली, तर ४० अंशांतही वर्षाअखेर ८५ टक्के क्षमता शिल्लक राहते. सकाळी पूर्ण भरलेला फोन गाडीत ठेवणे अर्ध्या भरलेल्या फोनपेक्षा अधिक हानिकारक का, हे यावरून ध्यानात येईल.

हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. संध्याकाळी फोन नेहमीसारखा सुरू होतो आणि मालकाला वाटते, काही झाले नाही. पुढच्या पावसाळ्यात तो दुपारीच मान टाकू लागतो तेव्हा दोष कंपनीला दिला जातो. क्वचित बॅटरी फुगते आणि पडदा वर उचलला जातो. बॅटरी पेटण्याची भीती मात्र अवास्तव वाढवू नये. निरोगी बॅटरीला त्यासाठी गाडीतल्यापेक्षा पुष्कळ अधिक उष्णता लागते. सदोष, दुखावलेली किंवा हलक्या प्रतीची बॅटरी याला अपवाद आहे, म्हणून स्वस्तातील पॉवर बँक गाडीत ठेवून जाणे टाळलेच पाहिजे.

थंडीचा प्रश्न या जिल्ह्यात जवळजवळ नाहीच. पौषातील गारठ्याने येथे फोन बिघडत नाही. हिमालयाच्या यात्रेला जाणाऱ्यांनी मात्र शून्याखाली गोठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नये. त्या तापमानात ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचते आणि ते पुढे धोक्याचे ठरते.

तर मग करावे काय? फोन सोबत नेणे हा पहिला आणि सर्वांत चांगला उपाय. ठेवणे भागच असेल तर तो पूर्ण बंद करावा, जाड आवरण काढावे आणि कापडी पिशवीत घालून आसनाखाली, पायाशी ठेवावा. गाडीतील तोच भाग उशिरा तापतो. समोरच्या काचेला आतून चमकदार पडदा लावल्यास डॅशबोर्डाची तलखी पुष्कळ कमी होते. पोळ्या गरम राहण्यासाठी जी उष्णतारोधक पिशवी मिळते तीही उपयोगी पडते, परंतु ती उष्णता अडवीत नाही, फक्त तिला उशीर लावते. तिच्यात माठातील पाण्याची घट्ट झाकणाची बाटली ठेवली तर हा उशीर आणखी वाढतो, कारण पाणी तापायला पुष्कळ उष्णता लागते. बर्फ ठेवू नये; त्याच्या गारव्याने फोनच्या आत दव जमते. तापलेला फोन शीतकपाटात ठेवण्याचा प्रकार याच कारणाने घातक आहे. असा फोन घरात, पंख्याखाली, बंद स्थितीत अर्धा तास राहू द्यावा आणि तो निवल्यावरच चार्जिंगला लावावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, घंटागाडीत टाकू नये. ती अधिकृत संकलकाकडेच द्यावी.

जिल्ह्यातील बहुतेक कर्मचारी मोटारीने नव्हे, दुचाकीने फिरतात. दुचाकीच्या आसनाखालील डिकीचा विचार कोणी करीत नाही. काळे आसन वरून तापते, पुष्कळ स्कूटरच्या डिकीखालीच इंजिन असते आणि आत हवा खेळत नाही. तापलेल्या स्कूटरची डिकी ही फोनसाठी मोटारीच्या आसनाखालच्या जागेपेक्षा वाईट जागा समजावी.

यापलीकडे एक प्रश्न उरतो आणि तो व्यक्तीच्या सावधगिरीने सुटणारा नाही. अनेकदा फोन गाडीत ठेवण्यास माणसाला भाग पाडले जाते. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता सुरू झाली. केंद्रात फोन नेण्यास मनाई होती. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडविली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाईलच्या वापराला मनाई करण्याचे निर्देश दिले. जिल्ह्यातील कोका अभयारण्य नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. ही मनाई योग्यच आहे. पण फोन बाहेर ठेवा, एवढे सांगणारा फलक लावला आणि ठेवण्याची जागा दिली नाही, तर पाहुण्यांचे फोन उन्हातल्या गाड्यांत जाणार.

भंडारा-गोंदिया मतदारसंघात १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले, तेही उन्हाळ्यातच. त्यानंतर मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने मतदान केंद्राच्या प्रवेशद्वाराजवळ मतदारांचे फोन ठेवण्याची सोय करण्याचे ठरविले. त्यासाठी सुचविलेली साधने साधे खण किंवा तागाच्या पिशव्या एवढीच होती. तपासणी नाक्यावर, परीक्षा केंद्रावर वा फोनला मज्जाव असलेल्या कोणत्याही कार्यालयाबाहेर एवढे करणे ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवाक्याबाहेरचे नाही. कौलांच्या छपराखाली, पश्चिमेचे ऊन न येणाऱ्या भिंतीला लाकडी मांडणी, प्रत्येक खणाला क्रमांक, त्याच क्रमांकाचा बिल्ला मालकाच्या हाती, ठेवण्यापूर्वी फोन बंद करून घेण्याची सक्त सूचना आणि शेजारी बसलेला एक जबाबदार माणूस. पत्र्याची खोली यासाठी घेऊ नये. मे महिन्यात तीही गाडीइतकीच तापते.